जुन्या विमा कंपनीचं दप्तर टाइप करताना

अमेरिकेतल्या एका जुन्या कृष्णवर्णीय विमा कंपनीचं दप्तर स्कॅन झालंय, नोंदी वाचून टाइप करायला स्वयंसेवक हवेत, असं भाचीने सांगितलं. माझी सगळी नोकरी एलआयसीच्या दावे विभागात झाली, म्हणून लगेच नाव नोंदवलं. आता दुपारी कोथरूडच्या घरी हेच चालतं.

डावीकडे पानाचा फोटो, उजवीकडे रकाने. फोटो इतके स्वच्छ की निबाची शाई कुठे फुटली तेही दिसतं. कर्सिव्ह गिरवलेल्यांना अक्षर जड जाणार नाही. फक्त विल्यम, चार्ल्स ही नावं अर्धीच लिहून शेवटचं अक्षर वर बारीक काढलेलं असतं. हप्ता आठवड्याचा, काही सेंटांचा. एजंट दारोदार फिरून तो गोळा करत.

खटकलं ते एकच. व्यवसाय तयार यादीतून निवडावा लागतो आणि यादीत धोबीण नाही, तिला 'घरकाम'मध्ये टाकायचं. लोकांचे कपडे स्वतःच्या घरी आणून धुणारी बाई आणि दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई, विम्याचं प्रस्तावपत्र तपासणारा माणूस या दोघींना एक कधीच धरणार नाही! मी तसं सविस्तर कळवलं. यादी तशीच आहे, पण आता मूळ शब्द शेऱ्यात लिहू देतात. तो प्रत्येकाने लिहावाच.

कारण या कृष्णवर्णीय लोकांना आधी कोणी धड मोजलंच नव्हतं. १८८१ मध्ये प्रुडेन्शियल या अमेरिकन विमा कंपनीने तेवढ्याच हप्त्यात कृष्णवर्णीयांची विमा रक्कम एक तृतीयांशाने कमी केली. १८९६ मध्ये त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमनने आकडे मांडून त्यांचा विमा परवडणारच नाही असा निष्कर्ष काढला. त्यानंतर दोनच वर्षांनी डरहॅमला नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही कृष्णवर्णीयांची स्वतःची विमा कंपनी उभी राहिली. संस्थापकांतले जॉन मेरिक गुलामीत जन्मलेले, व्यवसायाने न्हावी. १९०५ मध्ये अटलांटा लाइफ सुरू करणारे अलोन्झो हर्नडनही तसेच. आपल्याकडे गोऱ्या कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत, तेव्हा १८७० मध्ये निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने सर्वसाधारण दराने विमा दिला. ते माहीत असल्याने ही पानं मला परकी वाटत नाहीत.

पैसे लागत नाहीत, मिळतही नाहीत. प्रत्येक पान दुसरा स्वयंसेवक तपासतो. मोबाइलवर मात्र करू नका, रकाने एकमेकांवर चढतात. निवृत्त विमावाल्यांनी थेट दाव्यांच्या नोंदवह्या मागून घ्याव्यात. वारसाचं नातं आणि मृत्यूचं कारण त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.