हँडलचा आरसा – सहा महिने वापरून
रोज ऑफिसला सायकलनेच जाते, हँडलच्या टोकाला लावायचा छोटा गोल आरसा घेतला आणि खरं सांगते, आता त्याच्याशिवाय निघवत नाही. आधी मागे बघायला मान वळवली की सायकल पण तिकडेच जायची, आता पार्क केलेल्या गाडीचं दार अचानक उघडेल म्हणून १ मीटर सोडून बाहेर सरकायचं तर आधी नुसती नजर टाकते. काच बहिर्वक्र (बाहेरच्या बाजूला फुगीर) आहे त्यामुळे मागचं बरंच दिसतं पण गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून वळताना एकदा मान वळवून बघायचंच! खड्ड्यांनी स्क्रू ढिला होतो, मग आरसा थरथरतो आणि मागची गाडी नुसता डाग दिसते, दर आठवड्याला ॲलन कीने (षटकोनी टोकाची छोटी चावी) आवळावा लागतो. तेवढं केलंत तर नक्की घ्या.