यूबीसॅन: फुकट, कामाचं, पण फॉरमॅट स्ट्रिंगच्या बाबतीत आंधळं

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं युनिट आहे. काजू कारखाने आणि मासळीच्या शीतगृहांसाठी तापमान दाखवणारे डबे बनवतो. आत ३२ बिटांची एआरएम चिप आणि पडद्यावरच्या ओळी जुळवणारं सीमधलं एक फंक्शन. ते लिहिणारा केव्हाच बंगळूरला गेला, मागे ठेवलेल्या टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. चवथीच्या आधी माल द्यायचा होता, म्हणून त्या टेस्टवर जीसीसी या सी कंपायलरची दोन सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालू असताना चुका पकडणारी साधनं, चालवली: सीचे नियम मोडले की ओरडणारं यूबीसॅन (२०१४ पासून जीसीसीत आहे) आणि मेमरीतल्या चुका पकडणारं एसॅन.

यूबीसॅनने पहिला चोर लगेच पकडला. ऋण आकडा आधी उलटा करायचा, मग अंक काढायचे, ही त्या फंक्शनची रीत. -२१४७४८३६४८ उलटा केला तर इंटमध्ये (इथे ३२ बिटांचा पूर्णांक, कमाल २१४७४८३६४७) मावतच नाही. टेस्टमध्ये नेमका हाच आकडा होता, आणि उत्तर नशिबाने बरोबर येत होतं! यूबीसॅन फाइल, ओळ तर सांगतंच, वर ‘आधी अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) करा’ असा सल्लाही देतं. इथे पैकीच्या पैकी गुण.

दुसरा जास्त बेरकी. एकच व्हीए-लिस्ट (फंक्शनला आलेल्या कमीजास्त आर्ग्युमेंट्सची यादी) व्हीएसएनप्रिंटएफला (ती यादी मजकुरात भरणाऱ्या सीच्या फंक्शनला) दोनदा दिली होती, आधी लांबी मोजायला, मग मजकूर लिहायला. आमच्या चिपवर ती लिस्ट म्हणजे आत एक पॉइंटर असलेलं स्ट्रक्चर. फंक्शनला तिची प्रत जाते, मूळ शाबूत राहते. आमच्या ६४ बिटांच्या लॅपटॉपवर ती अ‍ॅरे असते, प्रत न जाता मूळच वापरलं जातं, त्यामुळे पहिली फेरी संपली तिथूनच दुसरी सुरू होते. बोर्डावर वर्षानुवर्षं चाललेली टेस्ट लॅपटॉपवर धाडकन पडली. यूबीसॅन चूप. एसॅनने निदान कोसळल्याची जागा दाखवली. दुसऱ्या फेरीसाठी व्हीए-कॉपीने लिस्टची प्रत काढावी लागते हे मात्र आपणच ओळखायचं.

आता तक्रारी. चूक सापडली तरी यूबीसॅन ती छापून पुढे चालू लागतं, आणि टेस्ट पास! चूक दिसताच थांबवणारा ‘नो-सॅनिटाइझ-रिकव्हर’ हा पर्याय कंपायलरला दिल्याशिवाय रात्रीच्या रनवर विश्वास ठेवू नका. दुसरी मोठी: फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये (काय कसं छापायचं ते सांगणाऱ्या साच्यात) %डी म्हणजे इंटची जागा; तिथे लाँग लाँग हा मोठा पूर्णांक दिला तरी हे अवाक्षर काढत नाही. ते काम कंपायलरच्या ‘डब्ल्यू-ऑल’ या इशारे देणाऱ्या पर्यायाचं, आणि आपल्या स्वतःच्या फंक्शनवर फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट (हे प्रिंटएफसारखं फंक्शन आहे, अशी खूण) लावलं तरच. एवढी साधी गोष्ट कोणी ठळक का लिहीत नाही, देव जाणे.

%एसला (मजकुराच्या जागेला) नल, म्हणजे कशाकडेच न रोखलेला पॉइंटर, दिल्यावर कंसात ‘नल’ छापलं जावं, अशीही एक टेस्ट होती. ती मी काढूनच टाकली. तो ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) चांगुलपणा आहे, सीचा नियम नव्हे. प्रिसिजन (मजकुराची कमाल लांबी) ६ पेक्षा कमी दिली, तर तीच ग्लिबसी काहीच छापत नाही. प्रिंटएफमध्ये नुसतं %एस आणि नवी ओळ असेल, तर जीसीसी त्याचं पुट्स (मजकूर जसाच्या तसा छापणारं साधं फंक्शन) करून टाकू शकतं, मग नल आला की प्रोग्राम आडवा.

पडद्यावर ‘डिचोली’ अर्धवट तुटून दिसते ती तक्रार मात्र यूबीसॅनच्या माथी मारू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, नाव झालं १८ बाइटांचं, आणि प्रिसिजन बाइट मोजते. १० वर कापलं की चौथं चिन्ह फाटतं. नियम एकही मोडलेला नसतो.

पाचपैकी चार. एसॅनसकट चालवलं तर टेस्टना साधारण दुप्पट वेळ लागतो, तो द्यावा.