माथेरानची मिनी ट्रेन की घाटातला काचेचा डबा? पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

परवा मावसबहिणीचा फोन आला. ती बाणेरला राहते. घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दुसरीतली मुलगी. म्हणाली, "ताई, एक अख्खा दिवस रिकामा काढलाय. सगळ्यांना माथेरानच्या गाडीत बसवू, की ती काचेच्या छताची डेक्कन? फोटो तर दोन्हींचे सुंदर दिसतात."

मी या दोन्ही गाड्यांनी बरेचदा गेले आहे आणि दोन्हींवर माझा जीव आहे. तरी तिला उत्तर देण्याआधी मी एकच विचारलं, "महिना कुठला?" कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा माथेरानच्या गाडीचा मोठा टप्पा बंद ठेवतात. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालू असते ती फक्त वरची अमन लॉज ते माथेरान शटल. ही बंदी उगाच नाही. २००५च्या जुलैतल्या पावसाने हा मार्ग इतका उखडला की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९च्या पावसात पुन्हा रूळ वाहून गेले, आणि नेरळहून गाडी परत सुटली ती ऑक्टोबर २०२२मध्ये. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये हिरवागार घाट पाहायचा असेल तर डेक्कन जाते तो पुणे-मुंबई मार्गावरचा बोरघाटच. दिवाळीनंतर मात्र खरी निवड करावी लागते.

या दोन वाटा बांधल्यात मुळातच वेगळ्या. त्यामुळे खिडकीतून दिसतंही वेगळं.

माथेरानची रेल्वे १९०७ची. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती वडिलांच्या पैशाने बांधली. त्या काळी सोळा लाख रुपये लागले. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. नेरळपासून माथेरानपर्यंतच्या एकवीस किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास उंची चढते, तीही इंजिनाचं दातेरी चाक अडकवून घेणाऱ्या दातेरी रुळाचा आधार न घेता. काही ठिकाणी चढ वीसास एक, म्हणजे वीस पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर. एवढ्या चढावर मोठी गाडी न्यायची तर डोंगर फोडावा लागला असता. पीरभॉयांच्या वाटेने डोंगर फोडला नाही, त्याला वळसे घातले. म्हणून पूर्ण मार्गावर बोगदा एकच, आणि तोही इतका छोटा की त्याचं नाव पडलं 'वन किस टनेल'. वळणं मात्र इतकी तीव्र की पुढच्या डब्यातली माणसं आपल्याला खिडकीतून समोर दिसतात. ही वळणं घेता यावीत म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून आलेल्या वाफेच्या इंजिनांना वळणाबरोबर सरकणारे चाकांचे आस बसवले होते. आता गाडी डिझेलवर चालते. वाफेच्या आशेने जाल तर नेरळला मांडून ठेवलेलं जुनं इंजिन तेवढं पाहायला मिळेल.

प्रवासाला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. हिशेब केला तर ताशी आठ किलोमीटर पडतात. घाई असलेल्या माणसाला हे सोसणार नाही. मला मात्र हा संथपणाच हवासा वाटतो. जुम्मापट्टीला गाडी थांबते तेव्हा खालचं नेरळ काड्यापेटीएवढं झालेलं असतं. वॉटर पाइप स्टेशनात पूर्वी इंजिनं पाणी भरून घ्यायची, नाव त्यावरूनच पडलं. खिडकी उघडी असते. वाळलेल्या गवताचा वास येतो, ब्रेक लागताना चाकं कुरकुरतात, आणि फांदी अगदी हाताशी येऊन जाते. माकडंही हाताशी येतात, तेव्हा खाऊचा पुडा पिशवीत तळाला ठेवा. दोन फुटी रुळावरचा डबा अरुंदच असणार. गुडघ्याला गुडघा लागतो. डब्यात स्वच्छतागृह नाही, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत हा मुद्दा इतर सगळ्यांहून मोठा आहे.

पुण्याहून तिथे पोहोचणं हेही एक कामच आहे. पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने कर्जत गाठायचं, तिथून मुंबईकडची लोकल धरून भिवपुरी रोडनंतरचं नेरळ. वर जाणाऱ्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच, सकाळच्या, आणि डबे लहान. एका डिसेंबरातल्या शनिवारी आम्ही लोकल चुकवून उशिरा पोहोचलो, तोवर तिकिटं संपली होती. मुलं फलाटावर रिकाम्या रुळांकडे बघत बसली, ते चेहरे अजून आठवतात. शेवटी टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे, गाड्या तिथेच थांबतात. अमन लॉज स्टेशन तिथून जवळ आहे. शटलने वीसेक मिनिटांत गावात पोहोचलो. ज्यांना नमुन्यापुरता अनुभव हवा त्यांना शटल पुरते. पण खरी वळणं आणि खोल दऱ्या खालच्या टप्प्यात आहेत. तिकडे वेळ द्यायचाच नसेल तर मिनी ट्रेनमध्ये बसलो असं मी म्हणणार नाही.

आता बोरघाट. इथे डोंगर फोडलाय. १८५६मध्ये काम सुरू झालं आणि १८६३मध्ये घाटातून गाडी धावली. पंचवीस बोगदे, सदतीसास एक चढ, आणि ते सगळं सुरुंगाच्या दारूवर आणि हातांच्या बळावर. पटकीच्या साथीने मजुरांची तळच्या तळ रिकामी केली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरं करून घेतलं. पुण्या-मुंबईला आठवड्यातून दोनदा ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल? खंडाळ्याजवळ पूर्वी गाडीला उलटं फिरून दिशा बदलावी लागे. १९२९च्या सुमारास नवा मार्ग काढून ती अडचण संपवली, आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. तिचा वाढदिवस पुणे स्टेशनवर प्रवासी आजही साजरा करतात.

काचेचा डबा, म्हणजे विस्टाडोम, या मार्गावर २०२१मध्ये आला. जूनमध्ये डेक्कन एक्स्प्रेसला, ऑगस्टमध्ये डेक्कन क्वीनला आणि पुढच्या वर्षी प्रगती एक्स्प्रेसला जोडला गेला. चव्वेचाळीस आसनं, मोठाल्या खिडक्या, काचेचं छत, आणि वळवता येणाऱ्या खुर्च्या. पावसाळ्यात नागनाथ, मंकी हिलच्या परिसरात धबधबे रुळांजवळ कोसळत असतात. बोगद्यातून बाहेर पडताना अंधार फाटून एकदम हिरवा प्रकाश अंगावर येतो. छतावर थेंब फुटताना बघत बसावं. अशाच एका पावसाळी प्रवासात माझी आई कर्जतपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि ती कधीच गप्प बसत नाही.

पण घाट आहे किती? लोणावळा ते कर्जत अठ्ठावीस किलोमीटर, जेमतेम तासाभराचा. उरलेला प्रवास पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून आणि कल्याण-ठाण्याच्या इमारतींतून होतो. तिकीट साध्या एसी खुर्चीपेक्षाही बरंच महाग पडतं. शिवाय खिडकी उघडत नाही. धबधबा दिसतो, त्याचा आवाज येत नाही. ही उणीव मला दर वेळी जाणवते. डोळ्यांपेक्षा कानांनी आणि नाकाने प्रवास करणाऱ्यांनी साध्या सेकंड क्लासच्या आरक्षित डब्यात खिडकीची जागा घ्यावी, पैसेही वाचतील.

काचेच्या डब्यात गाडी कुठली निवडायची यावर बरंच अवलंबून आहे. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी डेक्कन क्वीन घेतली तर वर्षातले बरेच महिने घाटात काळोखच मिळेल. पुण्याहून सकाळच्या डेक्कन क्वीन किंवा प्रगतीने उतरताना उजेड चांगला असतो. माझ्या मते सगळ्यांत छान म्हणजे आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करून सकाळी सातच्या सुमारास सुटणाऱ्या डेक्कन एक्स्प्रेसने परतणं. त्यात घाट चढताना मिळतो. कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि गाडी वर ढकलतात. लहान मुलांना ती जोडताना दाखवा. तिथला वडापाव खाण्यापुरता वेळही बहुधा मिळतो. उतारावर दिसणाऱ्या, मध्येच डोंगरावर चढून संपणाऱ्या मार्गिकाही दाखवा. ब्रेक निकामी झालेली गाडी तिकडे वळवून थांबवता यावी म्हणून त्या बांधल्या आहेत.

वाफेचंच वेड असेल तर या दोन्हींवर पैसे घालू नका, रजा साठवा. निलगिरीची गाडी मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत अजून वाफेच्या इंजिनाने दातेरी रुळावर चढते. पुण्यावरून जाणारी कुर्ला-कोइंबतूर एक्स्प्रेस आहे, पण तो एका दिवसाचा बेत नाही. आणि मूल अगदी लहान असेल तर आधी सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कात फुलराणीत बसवून बघा. १९५६पासून पुण्याची पोरं तिच्यात बसत आलीत. तिथे दहा मिनिटांत कंटाळणारं मूल माथेरानच्या गाडीत अडीच तास बसणार नाही.

बहिणीने नोव्हेंबर सांगितला. मी म्हटलं, मग सासूबाईंना नेरळला नेऊ नकोस. त्यांना सकाळच्या गाडीने काचेच्या डब्यात बसव, दादरला तुझ्या नणंदेकडे जेवण होऊ दे, आणि आणखी एक दिवस काढता आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी डेक्कन एक्स्प्रेसने घाट चढून परत या. मुलीला माथेरान वेगळं दाखव, डिसेंबरात, शाळेला सुट्टी असेल तेव्हा, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. ती थोडी हिरमुसली, सगळे एकत्र जायचं तिच्या मनात होतं. पण सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. गावात उतरल्यावर घोडा नाहीतर ई-रिक्षा शोधावी लागते, आणि पॉइंट बघायचे तर लाल मातीतून चालणं आलंच.

डिसेंबरच्या फेरीला मीही जाणार आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा तपासायचं ठरलंय. नेरळला उतरल्यावर एकीने मुलीला जुनं इंजिन दाखवायचं आणि दुसरीने थेट तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं. रांगेत मी उभी राहणार आहे.