लॅक्टेज: थेंब घ्यावेत की गोळी?

दूध प्यायलं की पोट डब्ब होतं, गुरगुरतं, तासा-दोन तासांत पळापळ होते. अशांसाठी लॅक्टेज, म्हणजे लॅक्टोज ही दुधातली साखर तोडणारं विकर (एन्झाइम), दोन रूपांत मिळतं: दुधात टाकायचे थेंब आणि खाताना घ्यायची गोळी. दोन्हींवर नाव एकच, म्हणून एकाऐवजी दुसरं चालेल असं धरून लोक घेतात आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. नाव एक असलं तरी आतलं विकर वेगळं आहे.

थेंबांतलं लॅक्टेज बहुधा क्लुव्हेरोमायसीस लॅक्टिस या यीस्टपासून काढलेलं असतं. त्याला सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) साडेसहा ते सातच्या आसपास लागतो. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७, म्हणजे त्याला हवा तसाच. तेच थेंब थेट तोंडात घेतले तर जठरातल्या आम्लात त्या प्रथिनाची घडी मोडते आणि काम तिथेच थांबतं. आंबट दह्यात टाकूनही ते असेच वाया जातात. गोळीतलं लॅक्टेज बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचं असतं. ते ४.५ ते ५ सामूला उत्तम चालतं, त्यामुळे अन्न पोटात पडून जठरातलं आम्ल सौम्य झालं की ते तिथेच कामाला लागतं.

पाकिटावरचा आकडा नीट वाचावा. गोळीवर ३०००, ४५०० किंवा ९००० एफसीसी युनिट (विकराचा जोर मोजायचं एकक) असं छापलेलं असतं. ही मोजणी ४.५ सामू आणि ३७ अंश सेल्सिअसला केलेली असते, तर थेंबांची ६.५ सामूला. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणतं जास्त तेज हे ठरवता येत नाही. फक्त मिलिग्रॅम दिले असतील तर ते पाकीट सरळ परत ठेवावं. विकराचं वजन किती यावरून काहीच कळत नाही, ते ठरावीक वेळात किती साखर तोडतं हे कळायला हवं.

थेंब वापरायला सोपे आहेत, पण घाई चालत नाही. अनेक बाटल्यांवर लिटरला ५ थेंब आणि फ्रिजमध्ये २४ तास असं प्रमाण असतं. तेवढ्यात साधारण ७० टक्के लॅक्टोज तुटतं. १० थेंबांत सुमारे ९० टक्के. दुप्पट थेंब टाकूनही काम दुप्पट का होत नाही? कारण तोडायला उरलेलं लॅक्टोज कमी होत जातं आणि लॅक्टोज तुटून ग्लुकोजसोबत तयार झालेलं गॅलॅक्टोज विकराच्याच जागेत अडकून त्याची चाल मंद करतं. शेवटचा हिस्सा म्हणूनच रेंगाळतो. घाई नसेल तर थेंब वाढवण्यापेक्षा आणखी एक दिवस थांबणं बरं. विकर खर्ची पडत नाही, तोच रेणू पुन्हा पुन्हा वापरला जातो. उबदार जागी काम झपाट्याने होईल, पण दूधही तितक्याच झपाट्याने नासेल. उकळत्या दुधात थेंब टाकणं ही तर सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आधी उकळा, पूर्ण गार करा, मग थेंब. काम झाल्यावर तापवलं तर बिघडत नाही, फक्त ते दूध गोडसर लागतं आणि आटवताना लवकर तांबूस होतं.

थेंब जिवंत आहेत का, हे घरीच तपासता येतं. लघवीतली साखर बघायची पट्टी घ्यावी. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही दोन विकरं बसवलेली असतात, आणि ती लॅक्टोजला ओळखत नाहीत, ग्लुकोजलाच ओळखतात. साध्या दुधात पट्टीचा रंग बदलत नाही, थेंब टाकून काही तासांनी बदलतो. मात्र बऱ्याच पट्ट्यांचा शेवटचा रंग डेसिलिटरला २००० मिलिग्रॅमचा असतो, आणि लॅक्टोज पूर्ण तुटलेल्या दुधात ग्लुकोज २५०० च्या घरात जातं. म्हणजे काम संपायच्या आधीच पट्टी शेवटच्या रंगावर पोचते. त्यासाठी १ भाग दुधात ९ भाग पाणी घालून तपासावं. २५० च्या चौकोनाशी रंग जुळला की काम झालं. २४ तासांनीही रंग फिकाच राहिला तर बाटली उन्हात किंवा गरम जागी राहिलेली असण्याची शक्यता मोठी.

गोळीचं सगळं गणित वेळेवर आहे. पहिल्या घासाबरोबरच घ्यावी. अर्धा तास आधी घेतली तर रिकाम्या जठरातल्या तीव्र आम्लात तिचा जोर ओसरतो, जेवणानंतर घेतली तर दूध पुढे सरकलेलं असतं. खाणं लांबलं तर दुसरी लागते. पेलाभर, म्हणजे २०० मिलीलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टोज न पचणाऱ्या कित्येकांना एवढं एकावेळी सोसतं, विशेषतः जेवणासोबत. त्यांनी गोळी विकत घ्यायची गरजच नाही.

काही पाकिटांवर ‘चयापचय वाढवते’ असं छापतात, ते चुकीचं आहे. हे विकर जठर-आतड्यांच्या पोकळीत लॅक्टोजमधला एक बंध तोडतं आणि शेवटी इतर प्रथिनांसारखं स्वतःच पचून जातं, रक्तात जात नाही. ग्लुकोज कोणत्या वेगाने जाळायचं हे पेशीतली विकरं ठरवतात. उदाहरणार्थ फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, जे पेशीत एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन) साठलं की आवरतं घेतं. त्यावर या गोळीचा काहीच ताबा नाही.

मधुमेह असेल तर लक्षात ठेवावं की थेंबांमुळे दुधातली एकूण साखर कमी होत नाही. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर दोन्ही निरुपयोगी, कारण प्रथिनं जशीच्या तशी राहतात. आणि गॅलॅक्टोसेमिया असलेल्या बाळाला असं दूध कधीही देऊ नये. त्यात गॅलॅक्टोज मोकळं झालेलं असतं, आणि त्या बाळाच्या शरीरात नेमकं तेच पुढे नेणारं विकर काम करत नाही.