पहिल्यांदाच मोरोक्को: मराकेश की फेस?

एकच शहर बघायचं असेल, तर माझं मत फेसला.

मराकेश सोपं आहे, हे मान्य. कुतुबिया मशिदीचा ७७ मीटर उंच मिनार दिसला की जामा एल-फ्ना चौकाचा अंदाज येतो, त्यामुळे वाट चुकलो तरी सापडते. संध्याकाळी चौकात खाण्याच्या गाड्यांचा धूर आणि गर्दी नुसती उसळते. पण जुन्या गल्ल्यांत मोटारसायकली अगदी अंगावर येतात.

फेसच्या जुन्या शहरात मोटारींना वावच नाही. माल खेचरांवरून जातो. मागून 'बालाक!' अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. चुआराला कातडी कमावतात, तिथे दुकानाच्या गच्चीवर चढताना हातात पुदिन्याची काडी देतात. ती नाकाशी धरूनच खालचे रंगांचे हौद बघायचे, कारण कातडी मऊ करायला कबुतरांची विष्ठा वापरतात. करवियीन मशिदीत बिगर-मुस्लिमांना प्रवेश नाही, दारातूनच अंगण दिसतं. बू इनानिया मदरसा मात्र आत जाऊन निवांत बघा. तिथलं लाकडावरचं कोरीवकाम चुकवू नका.

सोबत वयस्कर माणसं असतील, तर फेसचे चढउतार दमवतात. तेव्हा सरळ मराकेशच घ्या.