शिक्का, रक्तचाचणी आणि आजारपणाची रजा: ‘डीप स्पेस नाइन’मधले राजकारण

‘स्टार ट्रेक’ परिवारातली ‘डीप स्पेस नाइन’ ही मालिका जानेवारी १९९३ ते जून १९९९ या काळात अमेरिकेत प्रक्षेपित झाली. तिच्या आधीच्या दोन मालिकांतले यान नवनव्या ग्रहांवर जाई, तिथल्या लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगे आणि पुढच्या मुक्कामाला निघून जाई. इथे मात्र बहुतेक कथा एका अंतराळस्थानकावर घडते आणि स्थानक जागचे हलत नाही, त्यामुळे घेतलेल्या निर्णयाची फळे त्याच माणसांना तिथेच राहून भोगावी लागतात. कार्डेशियन या परग्रही सत्ताधाऱ्यांनी सुमारे पन्नास वर्षे बेजोर ग्रह ताब्यात ठेवून लुटला आणि जाताना हे स्थानक मागे टाकले. आता बेजोरच्या हंगामी सरकारच्या विनंतीवरून फेडरेशनचे, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांच्या संघाचे, अधिकारी ते चालवायला आले आहेत. एवढी मांडणी झाल्यावर राजकारण वेगळे आणावे लागत नाही.

सातही सीझनचा डीव्हीडी संच सलग पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. या मालिकेतले सर्वांत धारदार राजकारण आरमारांच्या लढायांत किंवा सेनापतींच्या भाषणांत नाही; ते ओळखपत्रात, नोंदवहीत, तपासणीच्या सुईत आणि पगाराच्या हिशेबात आहे. सत्ता सामान्य माणसापर्यंत पोहोचते ती बहुधा एखाद्या खिडकीमागे बसलेल्या कर्मचाऱ्याच्या रूपाने, हे लेखकांनी नेमके हेरले आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे जानेवारी १९९५ मध्ये दाखवला गेलेला ‘पास्ट टेन्स’ हा दोन भागांचा प्रसंग. अपघाताने स्थानकाचा प्रमुख सिस्को, तिथला डॉक्टर बशीर आणि त्यांची सहकारी अधिकारी डॅक्स २०२४ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडतात. सिस्को आणि बशीर रस्त्यावर आढळतात, त्यांच्याकडे ओळखपत्र नसते आणि पोलिस त्यांना बंदुकीच्या धाकाने ‘सँक्च्युअरी डिस्ट्रिक्ट’मध्ये नेऊन सोडतात, बेघर आणि बेरोजगार लोकांना भिंतीआड कोंडून ठेवलेली ही वस्ती आहे. डॅक्सकडेही ओळखपत्र नसते, पण तिची गाठ एका धनाढ्य उद्योजकाशी पडते आणि तिला नवे ओळखपत्र विनासायास मिळते. दोघे पुरुष सावळ्या वर्णाचे आहेत आणि डॅक्स गोरी आहे, याविषयी पटकथा अवाक्षर काढत नाही. दोन दृश्ये शेजारी ठेवली की काम भागते, हा विश्वास आजच्या पुष्कळ मालिकांत दिसत नाही.

वस्तीतल्या नोंदणी कार्यालयात ली नावाची कर्मचारी आहे. पुढे दंगल होऊन ती ओलीस ठेवली जाते, तेव्हा ती बशीरला सांगते की स्वतःचे मूल सोडून दिल्याबद्दल वॉरंट निघालेल्या एका बाईची तिने पूर्वी दया येऊन नोंदच केली नव्हती. ते उघडकीस आले, नोकरी जाता जाता वाचली आणि तेव्हापासून ती फक्त नेमून दिलेले काम करते. परिस्थिती अशी आहे यात तुमचा दोष नाही, असे बशीर म्हणतो, तेव्हा सगळे जण स्वतःला असेच सांगतात आणि म्हणून काहीच बदलत नाही, असे उत्तर ती देते. खलनायक न दाखवता व्यवस्थेचे क्रौर्य दाखवणारा इतका नेटका संवाद या मालिकेतही क्वचितच सापडतो. चित्रीकरण चालू असतानाच, लॉस एंजेलिसमध्ये बेघरांसाठी कुंपण घातलेली जागा ठरवून देण्याचा महापौरांचा प्रस्ताव असल्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्रात आली होती. त्यामुळे हा भाग भविष्यवाणी वगैरे नसून आजूबाजूला डोळे उघडे ठेवून केलेले लेखन आहे, असेच म्हटले पाहिजे.

पहिल्या सीझनमधला ‘डुएट’ हा भाग खर्चाच्या दृष्टीने अगदी साधा आहे: बहुतांश वेळ एक कोठडी, आत कैदी आणि बाहेर किरा नेरिस. किरा ही बेजोरच्या मुक्तिलढ्यात हाती शस्त्र घेतलेली आणि आता अधिकारपदावर असलेली स्त्री आहे. गॅलिटेप या छळछावणीत आपण फायली लावणारे कारकून होतो, असे कैदी सांगतो. मग तोच छावणीचा क्रूर प्रमुख असल्याचे उघड होते आणि तो आपल्या कत्तलींची फुशारकी मारू लागतो. सत्य नेमके उलटे निघते. प्रमुख केव्हाच मेलेला आहे; हा खरोखरच कारकून मारित्झा असून रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून रडत बसणारा आहे, आणि कार्डेशियाला आपला गुन्हा कबूल करावा लागावा यासाठी चेहरा बदलून तो स्वतःवर खटला ओढवून घ्यायला आला आहे. कैद्याच्या भूमिकेत हॅरिस युलिन यांनी दर्प आणि शरम ही दोन टोके ज्या सहजतेने सांभाळली आहेत, त्यासाठी हा एक भाग पुन्हा पाहावा. अखेरीस एक बेजोरी माणूस मारित्झाला भोसकतो आणि तो कार्डेशियन आहे एवढे कारण पुरेसे असल्याचे सांगतो, तेव्हा किरा ते नाकारते. आयुष्यभर ती स्वतः हेच मानत आली होती, हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे त्या छोट्या नकाराला वजन येते.

‘बार असोसिएशन’ (१९९६) वरकरणी विनोदी आहे. स्थानकावर बार चालवणारा क्वार्क हा नफ्यालाच धर्म मानणाऱ्या फेरेंगी जमातीचा. त्याच्या बारमध्ये राबणाऱ्या त्याच्या सख्ख्या भावाला, रॉमला, कानाचा आजार असह्य होऊन तो कोसळतो. त्याच्या करारात आजारपणाची रजाच नसते. त्यातून संघटना आणि संप उभा राहतो. बशीर संघटनेची कल्पना मांडतो, तेव्हा रॉम त्याला समजावतो की फेरेंगी कामगारांना पिळवणूक थांबवायची नसते, तर आपण स्वतः पिळवणूक करणारे कसे होऊ हे शोधायचे असते. हे वाक्य हसवते आणि मग बराच वेळ टोचत राहते. शेवटी क्वार्क सगळ्या मागण्या मान्य करतो, फक्त संघटना विसर्जित झाल्याचे जगाला दाखवायचे ठरते, कारण फेरेंगी व्यापारखात्याचा ब्रंट दंडुका घेऊन बसलेला आहे. क्वार्कची, म्हणजे मालकाची, भूमिका करणारे आर्मिन शिमरमन त्या काळात प्रत्यक्षात कलावंतांच्या कामगार संघटनेच्या संचालक मंडळावर होते, ही गंमत जाता जाता नोंदवण्याजोगी आहे.

त्याच वर्षीच्या ‘होमफ्रंट’ आणि ‘पॅराडाइज लॉस्ट’ या जोडभागांत कुणाचेही रूप घेऊ शकणाऱ्या शत्रूच्या धास्तीने पृथ्वीवर रक्तचाचण्या आणि लष्करी गस्त सुरू होते. सिस्कोचे वडील न्यू ऑर्लीन्समध्ये खानावळ चालवतात आणि चाचणीला साफ नकार देतात. वाद चालू असतानाच भाजी चिरताना त्यांचे बोट कापते आणि मुलाची नजर जखमेकडे न जाता सुरीवरच्या रक्ताकडे जाते. म्हाताऱ्याच्या ते लक्षात येते. संशयाचे राज्य घरात कसे शिरते, हे सांगायला एवढी एक नजर पुरेशी ठरते. पुढचा लष्करी उठावाचा कट त्यामानाने घाईत उरकला आहे. २००१ नंतर या भागांना वेगळाच अर्थ आला, पण ते त्याच्या पाच वर्षे आधीचे आहेत.

‘इन द पेल मूनलाइट’ (१९९८) या भागाची कीर्ती इतकी आहे की फार लिहिण्याची गरज नाही. दर शुक्रवारी लागणारी मृत सैनिकांची यादी वाचून त्रासलेला सिस्को खोट्या पुराव्याच्या आधारे तटस्थ राहिलेल्या रोम्युलन साम्राज्याला फेडरेशनच्या बाजूने युद्धात ओढतो आणि अखेरीस नोंदवहीत दिलेली आपली कबुली पुसून टाकतो. सिस्कोच्या भूमिकेतले अ‍ॅव्हरी ब्रुक्स इथे थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, त्यामुळे प्रेक्षकाला अलिप्त राहता येत नाही.

मालिका सर्वत्र अशीच आहे असे मुळीच नाही. सुखलोलुप समाजावर नैतिकतेचे फटके मारणाऱ्यांची टिंगल करू पाहणारा ‘लेट ही हू इज विदाउट सिन’ हा भाग रटाळ आहे, आणि स्त्रीहक्कांच्या नावाखाली क्वार्कला बाईचा वेश देणारा ‘प्रॉफिट अँड लेस’ न पाहिलेलाच बरा. त्याहून मोठी तक्रार शेवटच्या सीझनविषयी आहे: स्वतःला बेजोरचा हितकर्ता समजणारा कार्डेशियन अधिकारी गुल दुकात हा वसाहतवादी मनोवृत्तीचा उत्तम नमुना होता, त्याला दुष्ट आत्म्यांचा हस्तक करून लेखकांनी राजकीय प्रश्नाची वासलात लावली.

संचाविषयी थोडे. चित्र जुन्या चौकोनी आकाराचे आणि साध्या दर्जाचे आहे. संपूर्ण मालिकेचे उच्च दर्जाचे नूतनीकरण झालेले नाही, कारण दृश्यपरिणाम व्हिडिओवर जोडलेले असल्याने ते नव्याने करावे लागतील. मोठ्या पडद्यावर अंतराळातली युद्धे पुसट दिसतात, मात्र वर वर्णिलेले भाग बहुतेक बंद खोल्यांतले असल्याने त्यांना याची फारशी झळ बसत नाही. सगळा पसारा अंगावर घ्यायचा नसेल त्यांनी ‘डुएट’पासून सुरुवात करावी, तो भाग आवडला नाही, तर उरलेल्या डिस्कवर पैसे घालवू नयेत.