लेहमध्ये आईला घेऊन राहायचं तर हेच घर

आई एकाहत्तर वर्षांची, म्हणून लेहला राहायची जागा मी फार शोधून घेतली. चांगस्पातल्या या होमस्टेने माझी काळजीच मिटवली. विमानाने थेट ३,५०० मीटरवर, विरळ हवेत उतरलो होतो. मालकीणबाईंना सगळे आमा-ले म्हणतात. त्यांनी दारातच बजावलं, "आज जिना नाही, आंघोळ नाही, नुसतं पडून राहा." आईची खोली तळमजल्यावर, उशाशी कोमट पाण्याचा थर्मास. संध्याकाळी वाफाळता थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, तिखट बेताचं.

रात्री आईचं डोकं दुखायला लागलं. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के दिसला आणि माझे हातपाय गळाले. आमा-ले आईचा हात धरून तासभर बसल्या. आकडा ८८ वर आला, तेव्हाच उठल्या. एरवी गाडी काढून दवाखान्यात न्यायची त्यांची तयारी होती.

आमचा टूरवाला दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही ५,३५९ मीटरवरची खिंड करायला निघाला होता. हे चूकच. आम्ही चौथ्या दिवशी गेलो, वर पंधरा मिनिटं थांबलो आणि उतरलो.

गरम पाणी फक्त सकाळी मिळतं, तेवढं विचारून घ्या. जर्दाळूचा मुरंबा मात्र मागून खा.